पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि पुढची तारीख: आमच्या भिशीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची भिशी नागपुरातल्या सक्करदऱ्याकडची, १४ जणींची. भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही पैशांचा हिशोब नाही तर तारखा लिहितो, कोणाची तपासणी कधी झाली, कोणती झाली, पुढची कधी आहे. तपासणी म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, आपल्याकडे बायका पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात न, तोच. मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं इतक्या जणींसोबत ओपीडीच्या बाकावर बसले आहे की तेच तेच प्रश्न ऐकून पाठ झालेत, कोणी फोनवर विचारते, कोणी स्वयंपाकघरात हळू आवाजात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बायका तिथेच अडकतात.

मला तर काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला करायची?

त्रास नसतो तेव्हाच करायची असते ही. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, त्याचे बरेच प्रकार आहेत आणि त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार साधारण ७० टक्के केसेसना कारणीभूत असतात. व्हायरस शरीरसंबंधातून येतो, लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. काहींच्या अंगात मात्र तो टिकून राहतो आणि पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बदलवतो. कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १० वर्षांतही होतो. या सगळ्या काळात ना दुखत ना काही जाणवत. पण त्याच काळात सापडलं तर ओपीडीतच तेवढा भाग शेकून किंवा गोठवून किंवा तारेने काढून टाकतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

इतकी वर्षं हाताशी असताना २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार गेल्या. हा आकडा वाचला की मला खरंच राग येतो, कारण वेळेत सापडला तर थांबवता येतो असा कॅन्सर आहे हा.

एकदा केली होती, नॉर्मल आली. आता परत काऊन?

सगळ्यात जास्त बायका इथेच थांबतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी २०१३ मध्ये एका शिबिरात पॅप, म्हणजे पेशी बघायची टेस्ट, केली होती. रिपोर्टमध्ये सूज लिहिली होती, औषध दिलं आणि सहा महिन्यांनी परत या असं कागदावर लिहून दिलं. तोंडी कोणी नीट समजावलं नाही, फोन कोणाचा आला नाही. घरात त्या वर्षी मुलीची बारावी होती, मग सासूबाईंचं माकडहाड मोडलं, मग मुलीचं लग्न, आणि जाऊबाईंच्या डोक्यात एकच बसलेलं की आपली टेस्ट झालेली आहे. आम्ही कोणी विचारलं तरी त्या म्हणायच्या, झाली न माझी. पाळी गेल्यावर दीड वर्षाने, २०२१ मध्ये, परत लाल दिसायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेलो. ऑपरेशनच्या पुढे गेलं होतं, २५ रेडिएशन घ्यावी लागली, सोबत किमो, मग आतून द्यायचं रेडिएशन वेगळं. त्या आज आहेत, भिशीला येतात, आणि वहीचं शेवटचं पान त्यांनीच सुरू केलं. एखादी म्हणाली की झाली माझी, तर त्या लगेच विचारतात, कधी झाली आणि पुढची कधी.

नॉर्मल रिपोर्ट हा त्या दिवसापुरता असतो. व्हायरस नंतरही लागू शकतो, जुना दबलेला वर येऊ शकतो, आणि एखाद्या वेळी सॅम्पलमध्ये बिघडलेल्या पेशी येतच नाहीत. पॅपचं तर असं आहे की एका टेस्टमध्ये काही केसेस सुटतात हे गृहीतच धरलेलं असतं, ठराविक अंतराने परत केली की मागच्या वेळी सुटलेलं यावेळी सापडतं. म्हणजे पुढची तारीख पाळली नाही तर पहिल्या टेस्टचाही अर्धा उपयोग वाया गेला.

कोणी म्हणतं दरवर्षी करा, कोणी तीन वर्षांनी, कोणी पाच. खरं काय?

तिघंही वेगवेगळ्या टेस्टबद्दल बोलून राहिले असतील, म्हणून गोंधळ होतो. आधी तुमची कोणती टेस्ट झाली ते कागदावर बघा.

पॅप म्हणजे पिशवीच्या तोंडावरून ब्रशने पेशी घेऊन लॅबमध्ये बघतात. नॉर्मल असेल तर साधारण ३ वर्षांनी परत. एचपीव्ही डीएनए टेस्टमध्ये सॅम्पल तसंच घेतात पण पेशी न बघता व्हायरस आहे का ते शोधतात, ही जास्त पक्की आहे, निगेटिव्ह आली की ५ वर्षं निवांत. जागतिक आरोग्य संघटना तर ३० च्या पुढच्या बायकांना ५ ते १० वर्षांचं अंतर चालेल म्हणते. तिसरी व्हीआयए, सरकारी कार्यक्रमात हीच करतात: पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का बघायचं. निकाल तिथल्या तिथे कळतो. सरकारी नियमाप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी.

एचआयव्ही असेल तर २५ पासूनच सुरू करायची आणि अंतरही कमी, ३ ते ५ वर्षं. आणि आधी काही सापडून उपचार झालेले असतील तर हे हिशोब तुम्हाला लागू नाहीत, वर्षभराने परत दाखवायचंच आणि नंतरही बरीच वर्षं डॉक्टर सांगतील तसं जात राहायचं.

ही व्हीआयए म्हणजे गरिबांची टेस्ट असते का? खरंच उपयोग होतो?

असं बोलू नका कृपया. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांवर अभ्यास केला, दहावी शिकलेल्या साध्या आरोग्यसेविकांना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, आणि १२ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाचं उस्मानाबाद, खेड्यापाड्यातल्या सव्वा लाखावर बायकांचा दुसरा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. जगभरात आज एचपीव्ही टेस्टवर जो भर आहे त्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायकांचा वाटा आहे. एचपीव्ही टेस्ट सगळ्यात चांगली हे खरं, परवडत असेल तर तीच करा, पण ती होईपर्यंत काहीच करायची नाही हे चुकीचं आहे. व्हीआयए समोर आली तर करून घ्या.

फक्त पाळी गेलेल्या बायकांना व्हीआयएवर विसंबता येत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. त्यांनी पॅप किंवा एचपीव्ही मागायची.

माझी तारीख कधीच निघून गेली, चार वर्षं उलटली. आता गेले तर डॉक्टर रागावतील का?

रागावले तर रागावले, दोन मिनिटांचं काम आहे. उशीर झाला म्हणून काही पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, आज करा आणि आजपासून मोजा. जुना कागद असेल तर सोबत न्या, नसेल तरी जा.

तारीख घेतली आणि त्याच दिवशी पाळी आली तर?

फोन करा आणि त्याच फोनवर नवीन तारीख घ्या. "नंतर बघू" म्हणून फोन ठेवला की ती तारीख गेलीच म्हणून समजा, आमच्या वहीत अशा खोडलेल्या तारखा खूप आहेत. पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजून साधारण दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या मधली तारीख घेतली तर बरं पडतं. टेस्टच्या आधीचे दोन दिवस संबंध ठेवायचे नाहीत, आत गोळी किंवा मलम ठेवायचं नाही, आतून धुवायचं नाही. उपाशीपोटी जावं लागत नाही, सकाळी तर्री पोहे खाऊन गेलात तरी चालतं. बाळंतपण नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा.

दुखतं का? आणि खरं सांगू, लाज वाटते.

वाटते. मला पहिल्या वेळी इतकी वाटली होती की मी नंबर लागल्यावर पाणी पिऊन येते सांगून खाली उतरले आणि अर्धा तास खालीच बसले. मग वर गेले.

होतं असं, टेबलवर पाय दुमडून झोपायचं, डॉक्टर बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालून थोडं उघडतात, त्याला स्पेक्युलम म्हणतात, आणि ब्रशने सॅम्पल घेतात. ताण आल्यासारखं वाटतं, थंड लागतं, टोचल्यासारखं नाही. अंग जितकं आवळाल तितकं जास्त जाणवतं, म्हणून तोंडाने श्वास सोडत राहा. दुखलं तर सांगा, छोट्या साइजचं साधन असतं. नंतर एखाद दिवस थोडं लाल लागू शकतं, घाबरू नका. बाई डॉक्टर हवी असं तारीख घेतानाच स्पष्ट सांगायचं, त्यात काही चूक नाही. आणि जमलं तर साडी नेसून किंवा घेरदार स्कर्ट घालून जा, सलवार पूर्ण काढावी लागते त्यापेक्षा संकोच कमी होतो.

एचपीव्ही टेस्टचं सॅम्पल स्वतःचं स्वतः घेण्याची पद्धतही आहे, जागतिक आरोग्य संघटनेची तिला मान्यता आहे. ज्यांना टेबलवर झोपणं अजिबातच नको वाटतं त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे तशी सोय आहे का ते विचारून बघा.

नागपुरात कुठे जायचं? खर्च किती?

गांधीबागचं डागा हॉस्पिटल खास बायकांचं आणि सरकारी आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी कॉलेजांच्या हॉस्पिटलांत स्त्रीरोग ओपीडी आहेत, मिहानकडे एम्स आहे. कॅन्सरची खास हॉस्पिटलं म्हणाल तर तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. घराजवळ आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा मनपाचं आरोग्य केंद्र असेल तर आधी तिथे विचारा, आशा ताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरते, तिला टाळू नका, तपासणीचा दिवस तिलाच माहीत असतो. सरकारी ठिकाणी व्हीआयए फुकट होते. खाजगीत पॅपला काही शे रुपये आणि एचपीव्ही डीएनएला हजाराच्या वर लागतात, तारीख घेतानाच रिपोर्ट धरून किती ते विचारून घ्या. पुढे काही निघालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा.

रिपोर्ट आणायला गेलेच नाही, काही असतं तर त्यांनीच फोन केला असता न?

नाही हो. हे कृपया मनातून काढून टाका. माझा स्वतःचा एक रिपोर्ट सात महिने एका ठिकाणी पडून होता, मी जुना नंबर दिलेला, ते सिम केव्हाच बंद पडलेलं. मी आपली खुशाल की फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. गेले तेव्हा कळलं की सॅम्पल नीट आलंच नव्हतं, तपासणी परत करायची होती. नशिबाने दुसऱ्यांदा नॉर्मल निघालं, पण ते सात महिने मी विनाकारण निश्चिंत होते. सॅम्पल दिलं त्याच दिवशी रिपोर्टची तारीख विचारा, आणि तुम्ही स्वतः फोन करा किंवा जा. कागदाचा फोटो काढून मुलीला, बहिणीला, कोणाला तरी पाठवून ठेवा. नंबर बदलला तर हॉस्पिटललाही सांगा.

रिपोर्टमध्ये काहीतरी लिहिलं आहे, कॅन्सर झाला का मला?

बहुतेक वेळा नाही. इन्फ्लमेटरी लिहिलं असेल तर ती सूज किंवा इन्फेक्शन, औषध घ्या आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा परत दाखवा. जाऊबाईंचं हेच तर राहिलं. एलसिल म्हणजे सौम्य बदल, बरेचदा आपोआप जातात पण लक्ष ठेवावं लागतं. हायसिल किंवा एचसिल म्हणजे जास्त बदल, इथे वेळ घालवायचा नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस सापडला इतकंच, कॅन्सर सापडला असं नाही. १६ किंवा १८ असेल तर सरळ कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचं तोंड मोठं करून बघणं आणि शंका वाटली तर बारीक तुकडा तपासायला घेणं. दुसरा प्रकार असेल तर आधी पॅप करून बघतात किंवा वर्षाने परत बोलावतात.

कॉल्पोस्कोपीची तारीख मिळाल्यावर न जाणाऱ्या बायका मी सगळ्यात जास्त बघितल्या आहेत. भीतीने. घरी येऊन देवासमोर दिवा लावतात आणि कोणाला सांगत नाहीत. दिवा लावा, नक्की लावा, आणि दुसऱ्या दिवशी जा. एकटीने जावत नसेल तर कोणाला तरी सोबत घ्या, आमच्या भिशीतल्या कोणालाही अर्ध्या रात्री फोन केला तर ती येईल.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. म्हणजे नवऱ्याचं बाहेर काही आहे का? किंवा तो माझ्यावरच संशय घेईल का?

या रिपोर्टवरून असं काहीच सिद्ध होत नाही, ना त्याच्याबद्दल ना तुमच्याबद्दल. हा व्हायरस अंगात पंधरा-वीस वर्षं गपचूप राहू शकतो, कधी आला आणि कोणाकडून आला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, त्यांना बहुतेक वेळा काही लक्षणही नसतं. घरी सांगायची भीती वाटत असेल तर नवऱ्याला सोबत नेऊन डॉक्टरांच्याच तोंडून हे ऐकवा. एका घरी या एका शब्दावरून दोन महिने अबोला होता, आणि डॉक्टरांनी पाच मिनिटांत तो संपवला.

माझी पिशवी काढली आहे, मग तर सुटले न?

डिस्चार्ज कार्ड काढून बघा. पिशवी तोंडासकट पूर्ण काढली असेल आणि कारण गाठी किंवा जास्त रक्तस्राव असं साधं असेल, आधी कधी रिपोर्ट बिघडला नसेल, तर आता तपासणीची गरज नाही. पण कधीकधी वरची पिशवी काढून तोंड तसंच ठेवतात. मग तारखा चालूच. आपल्याकडे कितीतरी बायकांची ऑपरेशनं पस्तिशी-चाळिशीत झालीत आणि नेमकं काय काढलं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, ही फार वाईट गोष्ट आहे. कार्ड हरवलं असेल तर एकदा आतून तपासून घ्या, डॉक्टरांना बघून कळतं.

पाळी गेली, मालक वारून दहा वर्षं झाली. आता काय गरज?

आहे. व्हायरस तेव्हाचा असू शकतो. पासष्टीपर्यंत जात राहा, आणि मागचे रिपोर्ट सगळे नीट असतील तर मग डॉक्टर स्वतःच म्हणतील की आता बस. ज्यांची एकदाही झालेली नाही त्यांनी पासष्टीनंतरही एकदा विचारावं.

मुलीला एचपीव्हीची लस दिली. तिला तपासणी लागणार नाही न?

लस दिलीत, फार छान केलंत. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, ९ ते १४ वयात दिली तर सगळ्यात चांगलं काम करते. पण लस सगळ्या प्रकारांवर नसते, त्यामुळे तिशीत आली की तिची तपासणी होणारच. आणि लस मुलीला दिली म्हणून आईची तारीख टळत नाही, हेही घडतं बरं का घराघरात.

मागच्या वर्षीच नॉर्मल आली, पण आता संबंधानंतर लाल दिसून राहिलं. पुढच्या तारखेपर्यंत थांबू?

अजिबात नाही. याच आठवड्यात दाखवा. पाळी गेल्यावर लाल दिसणं, मधल्या दिवसात किंवा संबंधानंतर रक्त, घाण वासाचं पांढरं पाणी, यापैकी काहीही असेल तर नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवायचा. तारखा या काही त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत.

लक्षात कसं ठेवायचं? आणि सुट्टी कशी काढायची?

आम्ही संक्रांतीनंतरचे दिवस ठरवले आहेत, हळदीकुंकवाला सगळ्या भेटतोच, तिथेच वही काढतो आणि त्या वर्षी कोणाकोणाचा नंबर आहे ते मोठ्याने वाचतो. थंडी असते, ओपीडीच्या रांगेत उभं राहवतं. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीत कोणी जात नाही, पोळा-महालक्ष्मीच्या दिवसांत घरातून पाय निघत नाही, हे आधीच ओळखून तारीख घ्यायची. दोघी-तिघी मिळून गेलो की रिक्षाही वाटून पडते. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, पण तीन वर्षांत मोबाईल बदलतो, म्हणून कागदावरही लिहा. मी देवघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, दिवाळीत साफसफाई करताना दिसतंच.

सुट्टीचं म्हणाल तर हातावर पोट असणाऱ्या बायकांना अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या दोघींची नावं आम्ही वहीत घातली आहेत, त्यांची तारीख असली की त्या दिवशीचे पैसे कापायचे नाहीत असं सगळ्यांनी ठरवलं. तुमच्याकडे कोणी कामाला येत असेल तर तिला विचारा, तिची झाली का.

सासूबाई ऐकतच नाहीत, काय करू?

माझ्या आईने तीन वर्षं ऐकलं नाही. कॅन्सर हा शब्द काढला की उठून जायची. मग एक दिवस मी म्हटलं की माझी तारीख आहे, मला एकटीला भीती वाटते, तू चल. आली. बाकावर बसून बाकीच्या बायकांशी गप्पा मारल्या, कोणाचं गाव कोणतं, कोणाची सून कशी, आणि माझं झाल्यावर आतल्या सिस्टरला स्वतःच विचारलं, बाई डॉक्टर आहे न? तेव्हा तिचं वय ६१ होतं आणि पहिलीच वेळ. वहीत तिचं नाव पंधरावं आहे, भिशीत नसली तरी.